तीन बोटांची दांडी

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दार उघडल्यावर विचारतो, "सर आहेत?"

सर, म्हणजे माझे यजमान, आहेत; पण ते आतल्या खोलीत मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात आणि त्यांनी आयुष्यभर दाढी सलूनमध्ये केली. जुने रेझर, ब्रश, साबणाच्या वाट्या, वस्तरे विकत घेणारी, त्यांची किंमत ठरवणारी आणि पुढे विकणारी ती मीच. हे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो. "मॅडम, लेडीज असून दाढीचं सामान?" मी म्हणते, "साडीच्या दुकानात पदर खांद्यावर टाकून दाखवणारे कोण असतात?" मग ते आत येऊन बसतात.

अंधेरीला नळ आणि शॉवर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणीवर होते. समोर ट्यूबलाइट, डाव्या हाताला मालाचा क्रेट, उजव्या हातात लाल खडू. पितळेच्या नळावर निकेलचा मुलामा चढून आला की तो उजेडात फिरवायचा. कुठे फोड, कुठे चरा, कुठे मुलामा पातळ. दोष दिसला की लाल फुली. दिवसाला शेकडो नळ. कारखाना मुंबईबाहेर गेला तेव्हा मी एकरकमी पैसे घेतले आणि घाटकोपरच्या घरी बसले. डोळे मात्र बसेनात. लग्नाला गेले तरी पाहुण्यांआधी हॉलच्या दाराच्या कड्या दिसायच्या.

त्याच सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कचऱ्यात टाकायला एक खोका खाली आणला. त्यात साबणाचा थर चढलेला रेझर होता. एका कोपऱ्यात थर निघाला होता आणि तिथे जो मुलामा दिसला, तसा मी कारखान्यात कधी पाहिला नव्हता. मी तो मागून घेतला, कोमट पाण्यात भिजवला, जुन्या टूथब्रशने धुतला. पुढच्या आठवड्यात इंटरनेटवरचा फोटो बघून बेंगळुरूच्या एका मुलाने तो माझ्याकडून इतक्या रकमेला घेतला की मी वरच्या बाईंकडे मिठाईचा डबा घेऊन गेले. इथून धंदा सुरू झाला.

बाहेरच्या माणसाला हा धंदा विचित्र वाटतो, म्हणून थोडं सांगते. जुना रेझर साधारण तीन तुकड्यांचा असतो. वर टोपी, तिच्या मधोमध आट्यांचा खिळा. खाली एक प्लेट. दोन्हींमध्ये पातं ठेवायचं आणि खिळा खालच्या दांडीत फिरवून घट्ट करायचा. मी आधी मुलामा बघते. मग दांडीला चीर आहे का, ते. मग पातं बसवून दोन्ही बाजूंनी ते सारखं बाहेर आलंय का, ते. डबी असेल तर किंमत वाढते. घरच्यांनी "मॅडम येणार" म्हणून काथ्या आणि पितळेच्या पावडरीने वस्तू चकचकीत केली असेल, तर किंमत पार खाली येते. मळकट रेझर मी स्वच्छ करू शकते. घासून गेलेला मुलामा परत आणता येत नाही.

माल येतो तो बहुतेक रिडेव्हलपमेंटमुळे. बिल्डिंग पाडायची ठरली की तीस-चाळीस वर्षांची कपाटं रिकामी होतात. मुलुंड, बोरिवली, वाकोला, सगळीकडे हेच चाललंय. घेणारे म्हणजे पंचविशी-तिशीची मुलं. त्यातल्या निम्म्यांना छातीपर्यंत दाढी. एकाला विचारलं, "तू रेझरचं करतोस काय?" तर म्हणाला, "मान साफ करतो ना मॅडम."

विक्षिप्त लोकही येतात. मुलुंडचे एक गृहस्थ मखमली डबीतला सोनेरी रेझर घेऊन आले. त्यांच्या आजोबांना तो कुठल्याशा संस्थानिकाने दिला होता. त्यांनी सांगितलेल्या किमतीत मला मुलुंडला एक खोली आली असती. मी मखमल उचलली, तर खाली मिक्सरच्या दुकानाची दिवाळी भेटीची चिठ्ठी चिकटवलेली. गृहस्थ बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "संस्थानिकाने तिथून घेतला असेल." मी चहा ठेवला.

या धंद्यात एक अडचण आहे. किंमत सांगणारी मी आणि विकत घेणारीही मीच. म्हणून मी सुरुवातीपासून एक शिस्त ठेवली. मी किती देणार, हे सांगताना मी साधारण कितीला विकीन, तेही सांगते. लोकांना ते आवडतं. मलाही त्याचा जरा अभिमान होता. आपण सगळं तपासतो, सगळं सांगतो, असं मला वाटायचं. एक गोष्ट मी कधीच तपासत नव्हते, हे मला सावंतांनी दाखवलं.

मंगेश सावंत दिंडोशीहून आला होता. पंचेचाळिशीचा, विमानतळावर मालवाहतुकीच्या शिफ्टमध्ये काम करणारा. रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे तारवटलेले. रुमालात गुंडाळलेला रेझर त्याने टेबलावर ठेवला.

"बाबांचा आहे," तो म्हणाला.

मी तो उजेडात धरला. टोपी आणि प्लेट बघून मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. विलायती बनावट, क्वचित हाती येणारी, आणि मुलामा जवळजवळ अखंड. आतल्या कोपऱ्यातसुद्धा साबणाचा कण नाही. पण दांडी बघितली आणि चुकचुकले. तिच्या एका अंगाला कुणीतरी कानस मारून सपाट केलं होतं. दुसऱ्या अंगाला दोन खोल खाचा. मुलामा गेलेला, खालचं पितळ उघडं.

"वरचा भाग फार चांगला जपला होता त्यांनी," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "जपायचे."

"दांडीची मात्र वाट लावलीय कुणीतरी."

मी आकडा सांगितला, पुढे कितीला जाईल तेही सांगितलं, आणि दांडीचे पैसे धरता येणार नाहीत म्हणाले. त्याने घासाघीस केली नाही. रुमाल घडी करून खिशात ठेवला. दारात मी म्हणाले, "घरी आईला सांभाळा." हे माझं ठरलेलं वाक्य असायचं. तो म्हणाला, "आई आधीच गेली." आणि जिना उतरला.

मी माझ्याकडची त्याच घडणीची दुसरी दांडी लावली आणि टोपी-प्लेटसकट तो रेझर बेंगळुरूच्याच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला विकला. दांडी बदललेली आहे, हे त्याला लिहून कळवलं. सावंतांची दांडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. बिघडलेले तुकडे मी तिथे टाकते आणि डबा भरला की पितळेच्या भावाने भंगारात देते.

तीन आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला.

"ताई, मी दिंडोशीहून नीलम सावंत बोलतेय. माझ्या मिस्टरांनी तुम्हाला एक रेझर विकला ना, तो आहे का अजून?"

"विकला गेला हो. का?"

"सासऱ्यांना हवाय."

"कुणाच्या सासऱ्यांना?"

"माझ्या. अजून कुणाच्या?"

मी म्हणाले, "म्हणजे... ते आहेत?"

"आहेत म्हणजे काय? हॉलमध्ये बसलेत. पेपर वाचतायत."

मी हातातला टूथब्रश खाली ठेवला. मी त्या माणसाला मारून मोकळी झाले होते. 'जपला होता' मी म्हणाले, 'जपायचे' मंगेश म्हणाला, आणि त्या दोन क्रियापदांवर आमचा व्यवहार झाला होता.

नीलमने मग सगळं सांगितलं. सावंतकाका एका कारखान्यात, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते. तरुणपणी पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांत रेझर धरता येईना, म्हणून त्यांनीच दांडीला कानस मारली होती. त्या दांडीने ते पंचेचाळीसहून जास्त वर्षं रोज दाढी करत होते. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात बराचसा परत आला, थोडी थरथर राहिली. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लावली आणि मंगेशला बजावलं की कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. मंगेशने विजेवर चालणारं मशीन आणलं. काका चोरून रेझर वापरतील म्हणून तो आधी लपवून ठेवला आणि शेवटी घराबाहेरच काढला.

"झटका आला तेव्हापासून हनुवटीला कुणाला हात लावू देत नाहीत," नीलम म्हणाली. "मशीनला नाही, मला नाही, ह्यांना तर नाहीच. खाली बाकावर जायचे रोज, ते बंद. डॉक्टरकडे दाखवायला न्यायचं तर म्हणतात, ह्या तोंडाने मी जिना उतरणार नाही. बापलेक बोलत नाहीत. मीच मधे निरोप पोचवते. वैताग आलाय ताई."

"दांडी असेल माझ्याकडे," मी म्हणाले. "बघून सांगते."

डबा टेबलावर उपडा केला. दांडी होती. भंगारवाला त्या महिन्यात आला नव्हता, एवढंच माझं नशीब. मी ती उचलून उजेडात फिरवली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. कानशीचे घाव सरळ होते, एका दिशेने, एका उताराने. दोन खाचांच्या कडा गोल करून गुळगुळीत केलेल्या. ते काम जाणत्या हाताचं होतं. सव्वीस वर्षं तपासणीवर काढलेल्या बाईने त्याला बिघाड म्हटलं होतं.

बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला फोन केला, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, सॉरी, पण मी हा दोन वर्षं शोधत होतो. मी नाही देणार." मला राग आला आणि रागावण्याचा हक्क नाही हेही कळलं. त्याने रीतसर घेतला होता. चूक झाली होती ती माझ्या टेबलावर.

आता दुसरी टोपी शोधायची. हे वाटतं तितकं सोपं नाही. टोपीच्या खिळ्याचे आटे दांडीच्या आट्यांत बसायला हवेत, आणि प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. जोर केला तर पितळ मऊ असतं, आटे कायमचे जातात. माझ्याकडे प्लेटसकट सुट्या टोप्या अकरा होत्या. एकेक हलक्या हाताने लावून बघितली. काही अर्ध्यावर अडल्या, काही डगमगल्या. नववी बसली. साधी, देशी बनावटीची, बाजारात तिला कुणी विचारत नाही अशी. पातं बसवून मी फटीच्या पट्ट्या काढल्या. पातं आणि प्लेट यांच्यातली फट किती, ते या पातळ पोलादी पट्ट्यांनी मोजतात. मूळ टोपीची फट मी विकताना मोजून लिहून ठेवली होती. हिची तिच्या निम्मी निघाली. फट कमी तर पातं कातडीला कमी लागतं. सवयीचे लोक अशा रेझरला कंटाळवाणा म्हणतात. मला त्या दिवशी तो कंटाळवाणाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिंडोशीला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नीलमने दार उघडलं. हॉलमध्ये खिडकीशी काका बसले होते. किडकिडीत, स्वच्छ बनियन, आणि चेहऱ्यावर चार महिन्यांची वेडीवाकडी पांढरी दाढी. ती त्यांची वाटतच नव्हती.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मी मेलंय असां तुमका कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही सांगितलं, काका. मी विचारलं नाही."

"गाव खंयचा?"

"जालना."

"लांब," ते म्हणाले, जणू त्याने बराच खुलासा झाला.

मी रेझर त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही. नुसतं बघितलं. "ही टोपी माझी न्हय."

"नाही. तुमची टोपी गेली, ती परत मिळत नाही. मी विचारून बघितलं. दांडी तुमची आहे."

मग त्यांनी हात पुढे केला. अंगठा सपाट बाजूवर बसला आणि दोन बोटं दोन खाचांत. हाताची थरथर मला दिसत होती. दांडी पकडली तशी ती कमी झाली, थांबली नाही. त्यांनी मनगट एकदा फिरवलं.

"कधी केलं हे?" मी विचारलं.

"इस्पितळातसून कामार परत इलंय तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत. रोज थोडी कानस मारायची, घरी येवन दाढी करून बघायची. महिनो गेलो."

आतल्या खोलीतून मंगेश आला. झोपेतून उठलेला. मला बघून थबकला, मग बापाच्या हातात काय आहे ते बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "बाबा, ब्लेड नाही. मॅडम, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," नीलम म्हणाली.

"अगं डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना तू? रक्त थांबलं नाही तर कोण धावणार?"

काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "विकण्याआधी माका इचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाय."

"मग?"

मग मंगेश माझ्याकडे वळला. आवाज खाली आला होता. "तुम्ही बोललात, जपला होता. मी म्हटलं जाऊ दे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही घेतला नसता."

"नसता घेतला," मी म्हणाले. खरं तर मला आजही खात्री नाही. ती टोपी फार चांगली होती.

मी पर्समधून पट्ट्या काढल्या आणि मंगेशला खिडकीशी बोलावलं. आधीच्या रेझरची फट किती होती आणि याची किती, ते दोन पट्ट्या शेजारी धरून दाखवलं. "कापणारच नाही असं मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "पातं ते पातंच. पण मी तपासलेल्यांत याच्याहून सौम्य रेझर नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका." त्याने दोन्ही पट्ट्या बोटांनी चाचपल्या. तो विमानतळावर रोज वजनं-मापं बघणारा माणूस. आकड्याशी भांडायची त्याला सवय नव्हती. तो गॅलरीत गेला, डॉक्टरांना फोन लावला, पाच-सात मिनिटं बोलला. आत येऊन नीलमला म्हणाला, "आधी कात्रीने लांब केस काढायचे. मग हळू. एकटं नाही करायचं. कुणीतरी बाजूला बसायचं, तुरटी आणि कापूस घेऊन."

"मी बसते," नीलम म्हणाली.

"मी बसतो," मंगेश म्हणाला.

मी निघायला उठले तर काकांनी हातानेच बसवलं. "माझ्या मरणार धंदो केल्यात ना? आता दाढीर चहा घेवा."

कात्रीचं काम नीलमने केलं. मग गरम पाणी, साबण, खिडकीत टेकवलेला आरसा. काकांनी उजवा गाल स्वतः केला. एकेक पट्टा, मधे थांबून, रेझर वाटीत बुडवून. मंगेश स्टुलावर कापूस धरून बसला होता, आणि प्रत्येक पट्ट्याला स्वतःचाच श्वास रोखत होता. उजवा गाल निघाला. रक्त नाही. हनुवटीपाशी येईपर्यंत हात थकला. दांडी बोटांतून घसरली, वाटीत पडली. काकांनी ती काढली, पुन्हा धरली, पुन्हा घसरली.

ते थोडा वेळ आरशात बघत बसले. अर्धा चेहरा त्यांचा, अर्धा फेसाचा. मग त्यांनी रेझर मंगेशपुढे धरला.

मंगेशने तो घेतला आणि त्याला धरताच येईना. अंगठा बसला, दोन बोटं खाचांत बसली, उरलेली दोन कुठे ठेवायची ते कळेना. ती दांडीवर आली की रेझर तिरका व्हायचा.

"कसं धरायचं हे?"

"तीं दोन बोटां बाजूक ठेव," काका म्हणाले. "तीं नाय आसत असां समज."

मंगेशने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मिटून घेतलं. रेझर सरळ झाला. त्याने बापाची हनुवटी डाव्या हाताने वर केली आणि डाव्या गालावरून रेझर खाली आणला. नीलमचा चहा ओट्यावर तसाच राहिला. मी लाल फुली मारून फेकलेल्या तुकड्याने ते काम चाललं होतं, आणि मी ते माझ्या डोळ्यांनी बघत होते.

तुरटी फिरवून झाल्यावर काकांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "ह्येना माझो रेझर कितीक दिल्यान?"

मी आकडा सांगितला.

"इतक्याकच?" ते मंगेशवर उखडले. चार महिन्यांत त्याच्याकडे बघून केलेली ती पहिली तक्रार असावी. "अरे, इतकी म्हाग वस्तू आणि तू इतक्याक दिलंस? आणि दांडयेचे किती?"

"दांडीचे काहीच नाही धरले," मी सांगून टाकलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली नाही, पण घालायला हरकत नव्हती. "तुमका कळला नाय," शेवटी ते म्हणाले. तो राग नव्हता. कारखान्यातल्या माझ्या साहेबांनी पहिल्या महिन्यात माझा चुकलेला क्रेट परत पाठवताना याच सुरात सांगितलं होतं.

त्यांच्याकडून मी टोपीचे पैसे घेतले नाहीत आणि त्यांनी दिलेही नाहीत. आठवड्याने नीलमचा फोन आला की काका खाली बाकावर जाऊन आले. मंगेश धरून उतरवतो. दाढी एक दिवसाआड होते, उजवा गाल बापाचा, डावा मुलाचा. एकदा कापलं, तुरटीने थांबलं.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. वस्तू टेबलावर आली की मुलाम्याच्या आधी मी विचारते, "ज्यांचं आहे, ते आहेत का?" लोकांना प्रश्न आवडत नाही. काहींचे डोळे भरतात, मग मलाच पाण्याचा ग्लास आणावा लागतो. काही चिडतात. दोन व्यवहार माझ्या हातचे गेले. मागच्या महिन्यात बोरिवलीहून एकजण आला, चांगला डबीतला संच घेऊन. मी प्रश्न विचारला. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "आहेत ना. दुपारचे झोपलेत."

मी डबी बंद करून त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, "उठले की त्यांना फोन करायला सांगा."